अठरा थाऊ

कुपवाड एमआयडीसी, शेड नंबर चौदा.
रात्रभर निवलेलं इंजिन सकाळी हाताला
माठासारखं लागतं.
दस्तगीर मामू म्हणतात, आता विचार त्याला.
तापलेला माणूस आणि तापलेलं लोखंड
माप सांगताना हात आखडतात.

मी झाकण उचलते. आत सोळा रॉकर,
तेलात निथळणारे.
तासगावच्या रणधीरदादांनी
बेदाण्याचे दोन हंगाम ओतलेत यात,
आणि रविवारी कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर
पाव मैल पळायचंय. अकरा सेकंदांचं काम.
त्यासाठी सहा महिने मी वही लिहितेय.

रोजच्या गाडीतले लिफ्टर तेलाच्या उशीवर बसतात,
आपलं आपण सावरून घेतात.
हे भरीव. यांच्या पोटात उशी नाही.
कॅमच्या उंचवट्यावर पोलादी चाक फिरतं,
चाकाच्या पोटात जिऱ्याएवढ्या सुया,
आणि वरून स्प्रिंग
अडीचशे किलोचा पाय देऊन उभी.
म्हणून फट ठेवायची. अठरा थाऊ.
वाढली तर चाक आपटतं.
घटली तर व्हॉल्व्ह मिटत नाही, जळतो.

फीलर गेजचं पातं सरकवताना
डोळे मिटायचे, हे मामूंनी शिकवलं.
नव्या नोटेच्या गड्डीतून
एक नोट सुटावी, तेवढी ओढ.
एक, अठरा. दोन, अठरा. तीन.
सातच्या एक्झॉस्टला पातं नुसतं पडलंच आत.
वीस. बावीस.
चोवीसला कुठं बोट अडलं.

गेल्या सोमवारी वहीत अठरा आहे.
अक्षर माझंच.

"नट आवळ की," रणधीरदादा म्हणाले,
"सहा थाऊचं काय घेऊन बसलीस, पद्मे?"
मामू खिडकीकडं बघत राहिले.
तिथं एक मोडका कॅमशाफ्ट असतो,
बिलं उडू नयेत म्हणून ठेवलेला,
तिसरा लोब उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखा.
"ह्यो बी आवळला हुता," ते म्हणाले. "म्याच."

मग फिल्टर कापला.
कागदाची एकेक घडी उलगडून
पांढऱ्या फडक्यावर पसरली, चुंबक फिरवला.
एक सुई.
टोक मोडलेलं.

"परवा काय केलंसा गाडीला?"
दादा चावी बोटाभोवती फिरवत होते.
मेव्हण्याच्या वरातीत नेली होती.
दोन तास, नुसती धीम्या चालीवर,
लोकांना आवाज ऐकवायला.
मामूंनी कपाळावर हात मारला नाही, ओरडले नाहीत,
एवढंच म्हणाले, "धीम्यावर कॅमला तेल उडत न्हाई, मालक.
त्यो उपाशी नाचला तुमच्या बँडावर."

दुपारपर्यंत सोळाही बाहेर.
चाक बोटानं फिरवून कानाशी धरायचं.
पंधरा मुके. सातचं
भाजणीत खडा आल्यासारखं किरकिरलं.
"पंधरा ठेवू?" मी विचारलं.
"त्यास्नी पण त्याच वरातीत नाचवलंय," मामू म्हणाले.
रविवार गेला. दादा काही न बोलता गेले,
जीपची धूळ शटरपर्यंत आली.

संध्याकाळी मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीत,
एक म्हातारा तंबोऱ्याच्या तारेखाली
सुताचा दोरा सरकवत होता.
केसभर पुढं. छेडलं. केसभर मागं.
तार एकदम उघडली,
सगळी गल्ली भरून.
मी स्कूटर बंद करून उभी होते.
त्याच्याकडं पातं नव्हतं, वही नव्हती,
डोळे मात्र मिटलेले होते.

घरी आल्यावर सातच्या रकान्यात
चोवीस लिहिलं.
शेजारी चिकटपट्टीखाली ती सुई लावली.
वही आता त्याच पानावर उघडते.